अण्णांची कॅप्सूल, माझी सोनोग्राफी

मल्टिपल मायलोमासाठी, म्हणजे रक्ताच्या एका कॅन्सरसाठी, घरातल्या कुणाला थॅलिडोमाइड सुरू करायचं ठरलंय आणि ते नाव गुगल करून तुमची झोप उडालीय, तर हे तुमच्यासाठी. माझीही उडाली होती. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. सासऱ्यांच्या आजारपणात फाइल माझ्याकडे होती, एवढाच माझा अधिकार. खाली जे डोस आणि आकडे आहेत ते आमच्या पेशंटचे. तुमचे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर कराडलाच राहायचे. नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांची पाठ दुखायला लागली. उभा जन्म धावत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडण्यात गेला, पाठ दुखणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं. अण्णांनीही. दुखण्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि चालूच राहिल्या. डिसेंबरात एक्स-रे काढला तर एक मणका दबलेला. वयाने हाडं ठिसूळ झाली म्हणून कॅल्शियम आणि कमरेला पट्टा. जानेवारीत न्हाणीघरात चक्कर येऊन पडले तेव्हा कुठे रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 7.9, आणि किडनी किती थकलीय ते सांगणारं क्रिएटिनिन 2.6, म्हणजे बरंच वाढलेलं. रक्तातलं एकूण प्रोटीन वाढलेलं, पण त्यातलं अल्ब्युमिन कमी. आम्ही त्यांना पुण्याला आमच्याकडे आणलं. इथल्या फिजिशियननी या आकड्यांखाली रेघ मारली आणि रक्तविकारांच्या डॉक्टरांकडे, म्हणजे हिमॅटॉलॉजिस्टकडे पाठवलं.

साठीच्या पुढच्या माणसाची पाठ रात्री आडवं पडूनही थांबत नसेल आणि सोबत रक्त कमी असेल, तर 'सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस' करायचं का, एवढं विचारा. रक्तातली प्रोटीनं वेगवेगळी करून बघणारी तपासणी आहे, आमच्या वेळी हजाराच्या आत-बाहेर झाली. आमच्याकडे ती सगळ्यात शेवटी झाली, आणि तोवर दुखण्याच्या गोळ्यांनी आधीच थकलेल्या किडनीवर आणखी भार टाकला होता.

इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये एम-बँड निघाला, 4.1. मायलोमात हाडांच्या मगजातल्या बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी एकाच जातीचं प्रोटीन ढिगाने तयार करतात, त्याचा हा पट्टा. मग फ्री लाइट चेन ही त्याच प्रोटीनचे तुकडे मोजणारी रक्ततपासणी, कमरेच्या हाडातून बोन मॅरो, म्हणजे मगजाचा नमुना, त्यावरच फिश नावाची जनुकीय तपासणी, आणि पेट-सीटी हे अंगभराचं स्कॅन. फिशचा रिपोर्ट यायला दोन आठवडे लागले. औषधाचा पहिला थेंब अंगात जाण्याआधी पंचेचाळीस हजारांच्या आसपास खर्च झाले होते. बोन मॅरो करताना अण्णा ओरडले नाहीत, पण आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, हात इतका घट्ट धरला की त्यांच्या बांगडीचा वळ उठला.

घरच्यांनी ठरवलं होतं की अण्णांना कॅन्सर सांगायचा नाही. 'रक्तात इन्फेक्शन आहे' म्हणायचं. माझा विरोध होता, पण सुनेच्या मताला अशा वेळी जेवढी किंमत असते तेवढीच मिळाली. हा बेत मोडला तो थॅलिडोमाइडच्या फॉर्ममुळे.

फेब्रुवारी 2023 मध्ये हिमॅटॉलॉजिस्ट मॅडमनी उपचाराचा आराखडा सांगितला. आठवड्याला एकदा बोर्टेझोमिब या मायलोमाच्या औषधाचं इंजेक्शन पोटावर, त्याच दिवशी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, आणि रोज रात्री थॅलिडोमाइड 100 मिलिग्रॅम. ते नाव ऐकून मी वहीत लिहायची थांबले. बी.एस्सी.ला स्टिरिओकेमिस्ट्रीत आम्हाला हे उदाहरण होतं. एकाच रेणूची दोन रूपं, आरशातल्या प्रतिमेसारखी. एक झोप आणतं, दुसरं पोटातल्या बाळाचे हातपाय खुडतं. चार मार्कांना हमखास यायचं.

'मॅडम, हे ते... तेच?'

'तेच,' त्या म्हणाल्या. आणि वर ते चार मार्कांचं उत्तरही अर्धवट असल्याचं कळलं. शरीरात गेल्यावर ही दोन्ही रूपं आपापसांत बदलत राहतात, त्यामुळे नुसतं 'चांगलं' रूप वेगळं काढून दिलं तरी उपयोग नाही.

थॅलिडोमाइडच का, याचं कारणही त्यांनी सांगितलं. त्याचंच पुढचं औषध लेनालिडोमाइड, आता बहुतेक ठिकाणी तेच आधी देतात. पण ते बरंचसं किडनीवाटे बाहेर पडतं आणि अण्णांची किडनी अर्धी बसलेली. थॅलिडोमाइडचं तसं नाही. किडनी सावरली की पुढचं पुढे बघू. स्टेम सेल ट्रान्सप्लांटचाही विषय निघाला, पण इकोमध्ये हृदयाचं पंपिंग कमी आलं आणि तो तिथेच मिटला.

'मात्र फॉर्मवर पेशंटची स्वतःची सही लागेल,' मॅडम म्हणाल्या. 'आणि त्यावर आजाराचं नाव आहे. खोटं सांगून मी सही घेणार नाही.'

अण्णांना आत बोलावलं. त्यांनी चष्मा लावला आणि एकेका ओळीखाली बोट ठेवत सगळा फॉर्म वाचला. सहीसाठी पेन पुढे केलेल्या नवऱ्याला थांबवलं. मग म्हणाले, 'म्हणजे कॅन्सरच की. मला वाटलंच. तुम्ही रिपोर्ट लपवत होता ना, चेकर चढल्यावर विनातिकीट माणूस खिडकीबाहेर बघतो तसे दिसत होता सगळे.'

फॉर्ममधल्या अटी साधारण अशा. औषध दुसऱ्या कुणालाही द्यायचं नाही. कॅप्सूल उघडायची नाही, चावायची नाही. उपचार चालू असताना आणि बंद झाल्यावर चार आठवडे रक्तदान नाही. गरोदर बाईने, किंवा जिला दिवस राहण्याची शक्यता आहे तिने, औषध हाताळायचं नाही. आणि पुरुष पेशंटने संबंधाच्या वेळी निरोध वापरायचा, नसबंदी झाली असली तरी, कारण औषध वीर्यात उतरतं. हा मुद्दा वाचून दाखवणाऱ्या सिस्टर जेमतेम पंचविशीच्या असतील. अण्णांनी पंख्याकडे बघितलं. आई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. 'वय झालं हो आमचं,' एवढंच त्या पुटपुटल्या. सिस्टरनी अजिबात न हसता पुढचा मुद्दा घेतला. तुमच्याकडेही हे होईल. सून-जावई खोलीबाहेर थांबलेले बरे.

मग सिस्टरनी विचारलं, घरात बाळंतपणाच्या वयाच्या बायका कोण? मी हात वर केला. आम्ही वर्षभरापासून प्रयत्न करत होतो, हे मात्र तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

पैशांचं सांगते. अण्णांचं रेशनकार्ड केशरी, त्यामुळे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत होते. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं, तिथून सुरुवात. रेशनकार्ड, आधार, बोन मॅरोचा रिपोर्ट आणि डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचा उपचाराचा आराखडा. रेशनकार्डावर 'दत्तात्रय' आणि आधारवर 'दत्तात्रेय' एवढाही फरक असेल तर आधीच दुरुस्त करा. आमच्या फाइलवर क्वेरी आली, कारण हॉस्पिटलने अपलोड केलेल्या रिपोर्टची शेवटची पानं गायब होती. ते कळायलाच आठवडा गेला. मॅडम थांबायला तयार नव्हत्या, म्हणून पहिली दोन इंजेक्शनं रोखीने घेतली. मंजुरीआधीच्या खर्चाचं काही परत मिळत नाही, हे धरून चाला. थॅलिडोमाइड आम्ही योजनेबाहेर, स्वतःच्या खिशातून घ्यायचो, महिन्याला दोनेक हजार. सगळ्या यादीत स्वस्त तेच होतं. ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. हॉस्पिटलच्या फार्मसीतही चिठ्ठी आणि फॉर्मची प्रत दाखवल्याशिवाय देत नव्हते, आणि एका वेळी महिन्याचंच.

डे-केअरमध्ये इंजेक्शन पाच मिनिटांचं आणि थांबणं चार तासांचं. त्या वेळात मी फोनवर वाचत बसायचे आणि अण्णांना सांगायचे. हे औषध पश्चिम जर्मनीत 1 ऑक्टोबर 1957 ला 'कॉन्टरगन' नावाने बाजारात आलं. झोपेसाठी, चिठ्ठीशिवाय मिळायचं, आणि निर्धोक म्हणून गरोदर बायका मळमळीवरही घ्यायच्या. हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ यांनी हात-पाय न वाढलेल्या बाळांच्या आयांना गाठून चौकशी केली, कंपनीला कळवलं आणि नोव्हेंबर 1961 च्या शेवटी औषध मागे घेतलं गेलं. तोवर जगभरात दहा हजारांवर मुलं अशी जन्मली होती आणि त्यातली बरीच तान्हेपणीच गेली. अमेरिकेत मात्र ते तेव्हा विक्रीला आलंच नाही. तिथल्या अन्न-औषध खात्यात नुकत्याच रुजू झालेल्या फ्रान्सिस केल्सी बाईंनी 1960 मध्ये आलेल्या अर्जावर पुन्हा पुन्हा शंका काढून फाइल अडवून धरली.

'क्वेरी काढली म्हण की,' अण्णा म्हणाले. आमची स्वतःची क्वेरी नुकतीच सुटली होती. 'फाइल अडवणारं माणूस एखाद वेळी कामाचं निघतं.'

बंदीनंतर ते संपायला हवं होतं. पण 1964 मध्ये जेरुसलेमच्या हदासा हॉस्पिटलात जेकब शेस्किन यांनी कुष्ठरोगाच्या वेदनांनी तळमळणाऱ्या एका रुग्णाला झोप यावी म्हणून शिल्लक असलेल्या थॅलिडोमाइडच्या गोळ्या दिल्या, आणि त्याच्या अंगावरच्या गाठीच ओसरायला लागल्या. कुष्ठरोगात येणाऱ्या त्या गाठींच्या रिॲक्शनसाठी अमेरिकेने 1998 मध्ये परवानगी दिली. कॅन्सरकडे ते वळलं ते एका बायकोच्या चिकाटीने. बेथ वोल्मर यांच्या तरुण डॉक्टर नवऱ्याला मायलोमा होता आणि सगळे उपाय थकले होते. त्या फोनवर फोन करत बोस्टनच्या ज्यूडा फोकमन यांच्यापर्यंत पोचल्या. ट्यूमरला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या हे औषध रोखतं, असं फोकमन यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं होतं. आर्कान्सातल्या बार्ट बार्लोगी यांनी ते देऊन बघितलं. बेथच्या नवऱ्याला गुण आला नाही, ते गेले. नंतरच्या एका रुग्णाला मात्र आला. मग 84 रुग्णांवर चाचणी झाली, सगळे इतर उपचारांना दाद न देणारे, आणि त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश लोकांचं प्रोटीन उतरलं. 1999 मधल्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव सीमा सिंघल यांचं आहे. मायलोमासाठी अमेरिकेत रीतसर परवानगी 2006 ला मिळाली.

मला यातलं सगळ्यात अजब वाटलं ते शेवटचं. औषध नेमकं कुठे चिकटतं हे 2010 पर्यंत माहीत नव्हतं. टोकियोतल्या हिरोशी हांडा यांच्या गटाने सेरेब्लॉन नावाचं प्रोटीन शोधलं. पेशीतली कुठली प्रोटीनं मोडीत काढायची त्यावर खूण करणाऱ्या यंत्रणेचा हा भाग. थॅलिडोमाइड त्याला चिकटलं की खुणा भलत्याच प्रोटीनांवर व्हायला लागतात. मायलोमाच्या पेशीत ज्यांच्यावर होतात त्यांच्यावाचून ती पेशी जगत नाही. गर्भात ज्यांच्यावर होतात त्यांच्यावाचून हात वाढत नाहीत. म्हणजे अण्णांना जगवणारा गुण आणि त्या मुलांचं नुकसान करणारा गुण एकाच जागेवरून येतो. फॉर्मवरच्या अटी जुन्या भीतीपोटी राहून गेलेल्या नाहीत.

रोजचं म्हणाल तर, कॅप्सूल रात्री जेवणानंतर तासाभराने. झोप भरपूर येते, सकाळीसुद्धा डोकं जड असतं. पहिले काही आठवडे पेशंटला एकट्याने बाथरूमला उठू देऊ नका आणि स्कूटरची चावी लपवा. बद्धकोष्ठ होतंच. त्रास व्हायची वाट न बघता पहिल्या दिवसापासून पाणी, इसबगोल आणि डॉक्टरांनी दिलेलं सिरप सुरू ठेवा. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून अण्णांना ॲस्पिरिन होती. एकाच पायाला सूज आली किंवा पोटरी दुखली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, असं आम्हाला बजावलं होतं. डेक्साच्या रात्री ते पहाटे तीनला उठून माळ्यावरच्या ट्रंका लावायचे आणि साखर तीनशेच्या घरात जायची. दुसऱ्या दिवशी चिडचिड. ती डेक्साची आहे, माणसाची नाही, हे आईंना पटायला वेळ लागला. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड देण्याआधी दात तपासून घ्यावे लागतात. दात काढायचा असेल तर आधीच.

गोळ्यांचा हिशोब अण्णांनी स्वतःकडे घेतला. फुलस्केपवर जुन्या वे-बिलाच्या, म्हणजे कंडक्टरच्या तिकीट-हिशोबाच्या कागदाच्या, पद्धतीने रकाने आखले: तारीख, औषध, वेळ, शिल्लक, शेरा. शिल्लक रोज पट्टी मोजून. जूनमध्ये एम-बँड 0.7 वर आला, क्रिएटिनिन 1.5. तो दिवस त्यांनी शेऱ्यात लाल पेनाने लिहिला.

जुलैच्या शेवटी माझी टेस्ट पॉझिटिव्ह आली.

आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याआधी मी कॅलेंडर काढलं. थॅलिडोमाइडने नुकसान होण्याचा काळ शेवटच्या पाळीपासून साधारण 34 ते 50 दिवसांचा, हे मी वाचलेलं होतं. मी बरोबर त्यात होते. पंधरवड्यापूर्वी फार्मसीतून पिशवी मी आणली होती. डबी फ्रिजवर मी ठेवली होती. रात्रभर ते आठवत पडले. सकाळी मॅडमना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, पट्टीतली बंद कॅप्सूल हातात धरल्याने औषध अंगात जात नाही. ते गिळावं लागतं. घाबरायचं कारण नाही, पण आजपासून पट्टीलाही हात नको. फुटलेल्या कॅप्सूलची पावडर, अण्णांची उलटी, लघवीने भिजलेले कपडे, यातलं काहीही मी आवरायचं नाही. बाकीच्यांनीही हातमोजे घालूनच. एका घरात राहायला, एका ताटात जेवायला, मिठी मारायला काही हरकत नाही.

त्याच दिवशी माझ्या बाळंतपणाच्या फाइलवर हे सगळं लिहून घेतलं. स्त्रीरोगतज्ज्ञांना आपणहून सांगा. त्या विचारतीलच असं नाही. डबी आईंच्या कपाटात कुलपात गेली. चुलतसासूबाईंनी 'गोळीच्या वाऱ्यानंसुद्धा होतं म्हणे' असं सांगून मला माहेरी धाडायचा घाट घातला. मी गेले नाही.

खरी अडचण अण्णांची झाली. त्यांनी कुणाला न सांगता कॅप्सूल बंद केली. कळलं ते त्यांच्याच कागदावरून. दोन दिवसांच्या रकान्यात 'घेतली नाही' आणि शिल्लक तेवढीच. खोटी नोंद करणं त्यांना जमलं नाही. नवऱ्याने विचारलं तर म्हणाले, 'नातवंडाच्या जिवावर मला चार वर्षं जास्त नकोत.' आई रडायला लागल्या. शेवटी मॅडमनी त्यांच्याशी फोनवर बोलणं केलं. आम्ही त्यांना जे सांगून थकलो होतो तेच त्यांनी सांगितलं, पण हिशोबाच्या भाषेत: कॅप्सूल तुमच्या पोटात गेली की ती कुणाच्या हाती लागायचा धोका संपला, पट्टीत पडून राहिली तर घरात एक जास्त राहिली. तिसऱ्या रात्री अण्णांनी घेतली. शेऱ्यात लिहिलं, 'डॉक्टरांच्या आदेशाने पुन्हा सुरू.'

नोव्हेंबरात अॅनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाचे अवयव नीट वाढतायत का ते बघणारी सोनोग्राफी. आपल्याकडे गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला एफ फॉर्म भरावा लागतो. ओळखपत्र न्या, लिंग जाणून घ्यायचं नाही या घोषणेवर सही करा. तोवर मी फॉर्मांना सरावले होते, तरी पेन हातात थरथरत होतं. रेडिओलॉजिस्टना मी सगळं सांगितलं. एरवी मांडीचं हाड मोजून पुढे जातात. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि एकेक हात थांबून दाखवला. दंडाचं हाड. मनगटाच्या वरची दोन, रेडियस आणि अल्ना. मग दुसऱ्या हाताची दोन. मग पंजा, उघडलेला. घरी आल्यावर अण्णांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, 'हात-पाय?' 'सगळं आहे,' मी म्हटलं. त्यांनी पान उलटलं. एप्रिलमध्ये मुलगी झाली.

अण्णांच्या पायांचं मात्र बिनसलं. ऑगस्टपासून तळव्यांना मुंग्या होत्या, पण सांगितलं तर औषध बंद होईल या भीतीने ते बोलले नव्हते. सप्टेंबरात एकदा हॉलमधून गॅलरीत गेले आणि एक चप्पल हॉलमध्येच राहिली. निसटलेली त्यांना कळलीच नव्हती. बोर्टेझोमिब आणि थॅलिडोमाइड दोन्ही नसांना त्रास देतात, आणि थॅलिडोमाइडचा त्रास औषध थांबवल्यावरही पूर्ण जाईलच असं नसतं. थॅलिडोमाइडचा डोस 50 वर आणला. दर भेटीला पेशंटला डोळे मिटायला सांगून पायाचं कुठलं बोट धरलंय ते विचारा. 'बरं आहे' या उत्तरावर जाऊ नका. मागे पट्टा असलेली चप्पल घ्या आणि आंघोळीचं पाणी दुसऱ्याने बघून द्या.

जानेवारी 2024 मध्ये थॅलिडोमाइड बंद झालं. एम-बँड सापडत नव्हता आणि क्रिएटिनिन 1.3 होतं, म्हणून कमी डोसमध्ये लेनालिडोमाइड सुरू केलं, तीन आठवडे रोज आणि एक आठवडा सुट्टी. तेही त्याच घराण्यातलं, सेरेब्लॉनलाच चिकटणारं, त्यामुळे सगळ्या अटी जशाच्या तशा आणि फॉर्म नवा. या वेळी सिस्टर निरोधच्या मुद्द्यावर येण्याआधीच अण्णा म्हणाले, 'तो पाठ आहे, पुढचं वाचा.' आजार मुळातून गेलेला नाही, दबलेला आहे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं.

दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. आम्ही जुन्या करपद्धतीत आयकर विवरणपत्र भरलं तेव्हा 80 डीडीबी कलमाखाली आपल्यावर अवलंबून असलेल्या ज्येष्ठ नागरिक पालकाच्या कॅन्सर उपचारावर एक लाखापर्यंत वजावट मिळायची. तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागायची आणि विम्यातून आलेली रक्कम वजा व्हायची. रोखीने घेतलेल्या पहिल्या इंजेक्शनांची बिलं आम्हाला तिथे उपयोगी पडली. आणि उरलेल्या कॅप्सूल कचऱ्यात किंवा संडासात टाकू नका, दुसऱ्या पेशंटला 'असू दे' म्हणून देऊही नका. आमच्याकडे 50 च्या अकरा शिल्लक होत्या. अण्णांनी दोनदा मोजल्या, कागदावर 'जमा' असं लिहून फार्मसीत नेऊन दिल्या आणि पोच मागितली. फार्मासिस्ट म्हणाला, परत घेतो, पण पैसे मिळणार नाहीत. पोच मात्र त्याने दिली.